आयपॅड वाटून पेपर जगतो का?

चौथंपान
अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात ‘आर्कान्सा डेमोक्रॅट-गॅझेट’ नावाचं दैनिक आहे. जाहिराती आटल्या, दूरच्या गावांपर्यंत अंक पोचवणं परवडेना. तेव्हा मालक वॉल्टर हसमन यांनी २०१८ मध्ये ब्लायथव्हिल या आडबाजूच्या गावात एक प्रयोग केला. रोजचा छापील अंक बंद, त्याऐवजी वर्गणीदाराच्या हातात आयपॅड. वर्गणी तेव्हा महिना ३४ डॉलर, आणि ती चालू असेतो आयपॅड तुमच्याकडे. पानं छापल्यासारखीच दिसतात, फक्त अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. म्हाताऱ्या वाचकांना शिकवायला माणसं नेमली. वर्गणीदार टिकले, मग तीच पद्धत राज्यभर आणली आणि छापील अंक रविवारपुरता उरला.

माझं म्हणणं असं की वाचायचं यंत्र पेपरला तगवू शकतं, पण ते पेपरवाल्यानं स्वतः वाचकाच्या हातात दिलं पाहिजे. दुसऱ्याच्या दुकानात माल ठेवून भागत नाही. ६ मे २००९ ला ॲमेझॉननं पेपर वाचायला सोयीचं म्हणून किंडल डीएक्स हे ९.७ इंची वाचनयंत्र जाहीर केलं, किंमत ४८९ डॉलर. त्याच दिवशी ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’चे प्रकाशक जेम्स मोरोनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सांगत होते की ॲमेझॉनला वर्गणीतले ७० टक्के हवेत! पुढे हा वाटा बदलला, पण २०२३ मध्ये ॲमेझॉननं किंडलवरच्या पेपर-मासिकांच्या वर्गण्याच गुंडाळल्या. दुकान त्यांचं, मर्जी त्यांची.

हिशेबनीस
धागा चांगला आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. रविवारचा अंक छापील का ठेवला, याचा विचार केलात का? दुकानांच्या सवलतींची रंगीत पत्रकं त्यातच घातलेली असतात. म्हणजे आयपॅडनं खर्च वाचवला, पण जाहिरातीचा पैसा अजून कागदालाच चिकटलेला आहे.

शिवाय ३४ डॉलर भरणारा माणूस आधीपासूनचा निष्ठावंत. नवा, पंचविशीतला वाचक यातून किती येणार? अमेरिकी पेपरांचं दुखणं वाचायच्या साधनात नव्हतंच. छोट्या जाहिराती क्रेगलिस्ट या संकेतस्थळानं नेल्या, मोठ्या गूगल-फेसबुकनं. फक्त यंत्रासाठी पेपर काढण्याचा प्रयोग खुद्द माध्यमसम्राट रुपर्ट मर्डॉकनं करून पाहिला. ‘द डेली’, फेब्रुवारी २०११, केवळ आयपॅडसाठी, आठवड्याला ९९ सेंट. डिसेंबर २०१२ मध्ये बंद. त्याच्याकडे पैसा कमी होता असं तर कोणी म्हणणार नाही.

माँट्रियलकर
हिशेबनीस, आमच्या गावचं, कॅनडातल्या माँट्रियलचं उदाहरण घ्या. इथलं ‘ला प्रेस’ हे फ्रेंच दैनिक १८८४ पासूनचं. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी टॅब्लेटवरची ‘ला प्रेस प्लस’ ही आवृत्ती आणली. फुकट, आणि जाहिरातीही टॅब्लेटसाठी वेगळ्या घडवलेल्या. २०१६ पासून आठवड्यातले इतर दिवस छपाई बंद, फक्त शनिवारी अंक. २०१७ संपताना तोही थांबला. पेपर आजही निघतो आणि इथले लोक सकाळी तोच उघडतात.

हिशेबनीस
अर्धीच गोष्ट सांगितलीत. ‘ला प्रेस’चं हेच तंत्र घेऊन ‘टोरोंटो स्टार’नं २०१५ मध्ये ‘स्टार टच’ काढलं, आणि २०१७ मध्ये गाशा गुंडाळला. तंत्र तेच, देश तोच. आणि २०१८ मध्ये ‘ला प्रेस’ ना-नफा न्यासाकडे गेलं तेव्हा जुन्या मालकानं, पॉवर कॉर्पोरेशननं, ५ कोटी कॅनेडियन डॉलर दिले आणि जुन्या पेन्शनचा बोजाही स्वतःकडे ठेवला. असा मालक मिळाला तर मी दगडावर कोरूनही पेपर चालवून दाखवीन.

माँट्रियलकर
तो पैसा संक्रमणासाठी होता, आणि वाचक आता स्वेच्छेनं देणग्याही देतात, हे सोडून कसं चालेल? स्टारचं सांगतो. त्यांनी टॅब्लेटची आवृत्तीही काढली आणि रोजची छपाईही चालू ठेवली. दोन्हीचा खर्च अंगावर. शिवाय २०१५ पर्यंत लोक बातम्या फोनवर वाचायला लागले होते. आणि इंग्रजी वाचकाला अख्ख्या जगाचे पेपर मोकळे. आमच्या क्यूबेक प्रांतातल्या फ्रेंच वाचकाला स्वतःच्या गावची बातमी स्वतःच्या भाषेत देणारे मोजकेच. मराठीवाल्यांनी या शेवटच्या मुद्द्याचा विचार करावा.

पहाटपाळी
पेपर विक्रेत्याच्या घरातला आहे, म्हणून लिहितो. आर्कान्साचं गणित इकडे लावू नका राव. तिकडे एकेका अंकासाठी मोटार कित्येक मैल हाणावी लागते. इथे एका सोसायटीत दहा मिनिटांत वाटपाची लाईन उरकते. वाटपात वाचवायला फारसं काही नाहीच, कागद मात्र महाग. अंकाची किंमत कागदाचाही खर्च धड भरून काढत नाही, सगळी मदार जाहिरातीवर. मग चार-पाच रुपयांच्या पेपरसाठी टॅब्लेट कोण वाटणार?

एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, महाराष्ट्र सरकारनं घरोघरी पेपर टाकायला मनाई केली होती, आठवतंय? डिजिटलला याहून मोठी संधी कुठली? झालं काय, तर पीडीएफ व्हॉट्सॲपवर फुकट फिरल्या, आणि पेपरमालकांच्या संघटनेला ‘हे बेकायदा आहे’ अशी समज द्यावी लागली.

जोडाक्षर
दैनिकांचं बाजूला ठेवा, मासिकांचं बोलू. अंकांची जुळणी हेच माझं काम. किंडलवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ मध्ये आली. आता मासिकं येतील असं आम्हालाही वाटलं होतं. अडचण अशी की आपले बहुतेक अंक वर्षानुवर्षं श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटात लागलेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नेलं की रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, परत सगळं मुद्रितशोधन. तो खर्च कोण देणार? मग सरळ पीडीएफ काढतात. किंडलच्या सहा इंची पडद्यावर दोन कॉलमी दिवाळी अंकाची पीडीएफ वाचून दाखवा, चहा माझ्याकडून.

(अवांतर: ‘मनोरंजन’ मासिकाचा १९०९ चा दिवाळी अंक मराठीतला पहिला मानतात. तोही खिळे जुळवूनच काढला असणार, पण निदान रफार जागेवर राहत असेल.)

चौथंपान
@पहाटपाळी, दैनिकाबद्दल तुमचं पटतं. पण मासिकाला कुठे लाईन असते? ते टपालानं जातं, कधी पंधरा दिवसांनी पोचतं, कधी पोचतच नाही. परदेशी वर्गणीदाराला तर अंकापेक्षा टपालखर्च जास्त. तिथे पडद्यावरचा अंक हाच सरळ उपाय आहे. नवं यंत्रही वाटायला नको, फोन प्रत्येकाकडे आहे. एकदा युनिकोडची शिस्त लावली की जोडाक्षर यांची अडचणही एकदाचीच.

हिशेबनीस
आणि जाहिरातदाराचं काय? दिवाळी अंकात सहकारी बँक किंवा बिल्डर जे शुभेच्छांचं पान देतो, ते वाचक वाढावेत म्हणून थोडंच देतो! संपादकाशी ओळख असते आणि गुळगुळीत अंक कचेरीत मांडता येतो, म्हणून देतो. चेअरमनसाहेबांच्या टेबलावर पीडीएफ कशी ठेवणार?

जोडाक्षर
यावर मात्र हिशेबनिसांना +१. जाहिरातीच्या पानाला हात लावायची हिंमत आमच्याकडे कोणी करत नाही.

चौथंपान
मग चेअरमनसाहेबांपुरत्या आणि वाचनालयांपुरत्या प्रती छापा की! सगळ्यांसाठी कशाला?