हंटर थॉम्पसनची आरती? आधी प्रयोग तरी बघा

तिरका_कामा: काल इथे एकांनी ठोकून दिलं की अमेरिकन संगीतकार जो आयकोनिस याची, हंटर थॉम्पसन या अमेरिकन पत्रकारावरची संगीतिका म्हणजे 'दारुड्याची आरती'. प्रयोग न बघता! मी २०२५ साली अमेरिकेत, आर्लिंग्टनच्या सिग्नेचर थिएटरात पाहिलाय. हंटरची पहिली बायको सँडी आणि मुलगा हुआन दोघंही रंगमंचावर आहेत. आरतीच करायची असती तर त्यांना विंगेतच बसवलं असतं. आणि हंटर मुळातच नाटकी माणूस. १९७० मध्ये अ‍ॅस्पेनला शेरीफच्या (तिथल्या पोलीसप्रमुखाच्या) निवडणुकीला उभा राहिला, डोक्याचा गोटा केला आणि बारीक केस कापलेल्या प्रतिस्पर्ध्याला 'माझे केसाळ विरोधक' म्हणत फिरला. अशा माणसाने गायचं नाही तर कुणी?

डेस्कवरचा_म्हातारा: आरती मीच म्हटलं होतं, आणि म्हणतो. या 'मी मी'वाल्यांनीच बातमीची वाट लावली. बावीस वर्षं जिल्हा आवृत्ती काढली. एक पोरगा पुराची बातमी घेऊन आला. पहिल्या परिच्छेदात त्याचे बूट भिजले, मृतांचा आकडा पाचव्यात! विचारलं तर म्हणे, गोंझो; म्हणजे हंटरसारखं, बातमीदारानेच बातमीत घुसायचं!

माजी_स्ट्रिंगर: पोरगा कच्चा निघाला, त्यात हंटरचा काय दोष? हेल्स एंजल्स या मोटरसायकलवाल्या टोळीवर लिहायला तो वर्षभर त्यांच्यात वावरला आणि शेवटी त्यांच्याच हातचा मार खाऊन परतला. तुमच्या डेस्कचं सांगू? रात्री अकराला अपघात माझ्या डोळ्यांदेखत झाला. ट्रकचा नंबर दिला, ड्रायव्हर कुठल्या बाजूने पळाला तेही दिलं. सकाळी छापून काय आलं? 'अपघात झाल्याचे समजते.' कुणाला समजते? मी काय तिथे भजी खायला उभा होतो?

डेस्कवरचा_म्हातारा: आवाज खाली. वकिलाची नोटीस तुमच्या घरी येत नव्हती, आमच्याकडे यायची.

चिकानो_चाहती: तुमचं 'समजते' चालू द्या. ऑस्कर अकोस्टा हा हंटरचा मित्र, चळवळीतला चिकानो (मेक्सिकन वंशाचा अमेरिकन) वकील, त्याला हंटरने लास वेगासच्या पुस्तकात सामोअन, म्हणजे पॅसिफिक बेटांवरचा, करून टाकला. तो भडकला तो त्यावरूनच. १९७४ मध्ये मेक्सिकोत नाहीसा झाला. डोळ्यांदेखतच्या सत्याचं एवढं कौतुक असेल तर हेही बोला.

माजी_स्ट्रिंगर: हा मुद्दा खरा आहे. (चडफडत.)

ऑर्गनची_पट्टी: मुळात याला संगीत नाटक म्हणावं का? आमचे आजोबा बालगंधर्वांना...

तिरका_कामा: आले आजोबा! वेगळा धागा काढा, हात जोडतो.

डेस्कवरचा_म्हातारा: २००५ मध्ये हंटरने स्वतःला गोळी घातली तेव्हा मुलगा, सून, नातू घरात होते. दुसरी बायको अनिता फोनवर. पुढे नट जॉनी डेपच्या पैशाने अस्थी तोफेतून उडवल्या. यावर टाळ्या वाजवायच्या? बाकी 'समजते'चं म्हणाल, तर डोळ्यांदेखतच्या बातमीत ते नको होतं. बस्स, एवढंच.

माजी_स्ट्रिंगर: डेस्क वरमल्याचे समजते.

डेस्कवरचा_म्हातारा: 'वरमल्याचे' नाही, 'थबकल्याचे'. दुरुस्त करून पाठवा.