कारगिल तोफांनी पण जिंकलंय, 'नुसता आवाज' म्हणणाऱ्यांनी वाचा

देवळाली_कॅम्प: काल एकाने लिहिलं, "कारगिल पायदळाने जिंकलं, बोफोर्स तोफ नुसता आवाज करत होती." डोकंच फिरलं. माझे वडील गनर होते, म्हणजे तोफ चालवणारे. एरवी तोफ डोंगराआड ठेवून डागतात, पण द्रासला ती उघड्यावर आणून समोर दिसणाऱ्या बंकरवर थेट मारा केला, वरून शत्रू बघतोय आणि खाली गनर गोळे भरतायत, ह्याला नुसता आवाज म्हणायचं? १५५ मिमीचा गोळा, नेहमीचा पल्ला २४ किमीच्या आसपास, तिथल्या विरळ हवेत तो ३० च्या वर गेला.

खंदकातला: मीच लिहिलं होतं आणि परत लिहीन. तोलोलिंगचं शिखर २ राजपुताना रायफल्सने घेतलं, टायगर हिल १८ ग्रेनेडियर्सने. माझा मामा पायदळात होता, तो म्हणायचा आपली पोरं जवळ पोचली की गोळे थांबवावेच लागतात, शेवटचा चढ आपला आपणच चढायचा.

चांदा_भद्रावती: तुम्ही दोघं भांडत बसा, खरा घोळ वेगळाच आहे. स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी १९८६ चा करार, ४१० तोफा, १४३७ कोटी, सोबत तोफ इथे बनवायची ड्रॉइंग्जसुद्धा मिळालेली. ८७ ला स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी फोडली आणि ती ड्रॉइंग्ज वर्षानुवर्षं पडून राहिली!! त्यांच्यावरून जबलपूरला धनुष तोफ बनली, ती सैन्याला मिळायला २०१९ उजाडलं.

खंदकातला: मग दलाली खाणाऱ्यांना मोकळं सोडायचं होतं का?

चांदा_भद्रावती: असं कुठे म्हटलं मी? शब्द तोंडात घालू नका. चोर पकडा ना, पण तोफा का अडवल्या? शिक्षा सैन्याला झाली, नवी १५५ ची तोफ यायला २०१७ लागलं, एम-७७७, ती पण अमेरिकेची. आमच्या भागातल्या दारूगोळा कारखान्यात ह्या तोफांचे गोळे भरतात, त्यामुळे हे जास्तच लागतं.

देवळाली_कॅम्प: दलालीचा वेगळा धागा काढा राव, इथे गनर लोकांबद्दल बोलतोय.

चांदा_भद्रावती: वेगळा कशाला? तोफा कमी पडल्या तर गनरच मरतो.

खंदकातला: बरं, थेट माऱ्याने बंकर फुटले, चढणाऱ्यांचे जीव वाचले, एवढं मान्य. त्यापुढे एक शब्द नाही. शिखरावर झेंडा पायदळानेच लावला.

देवळाली_कॅम्प: आणि त्यांच्यासोबत रेडिओ घेऊन चढणारा, गोळे कुठे पाडायचे ते सांगणारा तोफखान्याचा ओपी अधिकारी? तो कुणाचा?