सल्ला हवा आहे: सुपरहिरोंचे सिनेमे, आठ शनिवार, कुठले भाग बघू आणि कुठले गाळू?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी. बहिणीचा मुलगा (वय १३, मुक्काम बंगळूर) एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आमच्याकडे नाशिकला आहे. त्याच्या आईशी करार असा झालाय की दिवसभर मोबाईल बंद आणि त्या बदल्यात दर शनिवारी रात्री मावशीबरोबर एक सिनेमा. असे आठ शनिवार मिळतात. साहेबांना फक्त सुपरहिरो चालतात, तेही "पहिल्यापासून, क्रमाने, एकही न गाळता". वहीत यादी करून आणली आहे. ती पान उलटून मागच्या बाजूला गेली आहे.

माझ्या अडचणी: मी यातलं जवळपास काहीच पाहिलेलं नाही. आमच्या आईसाहेबही सोबत बसतात. वय ६८, हिंदी चालतं, इंग्रजी कळत नाही, रक्त बघवत नाही, आणि "हा आत्ता कुठून आला?" हे दर दहा मिनिटांनी विचारायचं असतं. शिवाय रविवारी पहाटे मला फिरायला जायचं असतं, त्यामुळे रात्री एकपर्यंत जागणं नको.

माझा आपला सरळ हिशेब आहे. पहिला भाग लोक जीव ओतून काढतात, दुसरा पैशांसाठी. मग आठ वेगवेगळ्या हिरोंचे आठ पहिले भाग बघून मोकळं व्हावं, हे बरोबर आहे का? जाणकारांनी यादी द्यावी ही विनंती.

रातकिडा

आधी त्या वहीचं बघू. नुसतं मार्व्हलचं "क्रमाने" म्हणजे २००८च्या 'आयर्न मॅन'पासून २०१९च्या 'एंडगेम'पर्यंत २२ सिनेमे. आठवड्याला एक धरला तर भाचा गणपतीपर्यंत तुमच्याकडे राहील, आणि त्यानंतर आलेले वेगळेच. एकट्या एंडगेमला तीन तास लागतात. त्यात कोण कुठून आला हे आईंना सांगायचं तर २१ सिनेमांची वंशावळ पाठ पाहिजे. ती वही प्रेमाने कपाटात ठेवा.

आणि एक सूचना: श्रेयनामावली सुरू झाली की टीव्ही बंद करू नका. शेपटाला एक छोटा प्रसंग असतो. तो चुकला तर भाचा आठवडाभर बोलणार नाही.

आडवाटेचा_वाटाड्या

ताई, तुमचा हिशेब बाकी सिनेमांना लागू असेल, इथे तो नेमका उलटा आहे. या प्रकारात दुसरा भाग हाच बघायचा भाग.

कारण बघा. पहिल्या भागाचा निम्मा वेळ बारशातच जातो. कोळी चावला, शक्ती आली, भिंतीवर चढता येतं हे कळलं, कपडे शिवले, नाव ठरलं. तोवर सव्वा तास संपला. मग घाईघाईने एक खलनायक आणायचा आणि मारायचा. दुसऱ्या भागात हे काही नसतं, गोष्ट पहिल्या मिनिटाला सुरू होते. 'एक्स-मेन'चा दुसरा भाग (२००३) आठवा. व्हाइट हाउसमध्ये निळ्या अंगाचा नाइटक्रॉलर शिरतो, धूर होऊन इथे नाहीसा, तिथे हजर. कोण, का, कशासाठी, काही न सांगता पाच मिनिटांत आपल्याला खुर्चीला खिळवतो.

पण खरी गंमत वेगळी आहे. चांगले दुसरे भाग शेजारी ठेवून पाहिले तर सगळ्यांचा प्रश्न एकच दिसतो: हे सोडता येईल का? 'सुपरमॅन २'मध्ये (१९८०) तो लोइससाठी शक्ती सोडून देतो आणि पुढच्याच प्रसंगांत एका खानावळीत साध्या माणसाच्या हातून मार खातो. स्वतःचं रक्त बघून चकित होतो. 'स्पायडरमॅन २'मध्ये (२००४) पीटर पोशाख कचऱ्यात टाकतो. 'द डार्क नाइट'मध्ये (२००८) ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, ही जबाबदारी हार्वी डेंटच्या गळ्यात घालून सुटायला बघतो. म्हणजे पहिला भाग "झाला कसा" हे सांगतो, दुसरा "राहिला का" हे. मला दुसराच प्रश्न जास्त जवळचा वाटतो. नोकरीला वीस वर्षं झाली म्हणूनही असेल.

शुद्ध_तूप

'एक्स-मेन'चा पहिला भाग २०००चा, तो न बघता दुसरा लावला तर तेरा वर्षांचं पोर घर डोक्यावर घेईल. बाकी सहमत.

आणि धागा भरकटण्याआधी सांगतो, 'द इन्क्रेडिबल्स' कुणी सुचवू नका. सिनेमा उत्तम आहे, पण तो कॉमिकवरून आलेला नाही.

पिठलं_भाकरी

कुणी सुचवलाच नव्हता हो अजून :)

काडेपेटी

दिग्दर्शक झॅक स्नायडरचं नाव न घेता इतके प्रतिसाद! 'जस्टिस लीग'ची २०२१ची आवृत्ती बघा. २०१७मध्ये थिएटरात जे दाखवलं तो निम्मा दुसऱ्याच्या हातचा स्वयंपाक होता.

रातकिडा

चार तासांची आहे ती. ताईंना पहाटे फिरायला जायचंय.

काडेपेटी

मग संध्याकाळी सातला लावा. कलाकृतीला घड्याळ लावणारे लोक तुम्ही.

आडवाटेचा_वाटाड्या

काडेपेटी, वाद नको, पण विषय चांगला काढलात. एकाने अर्धा केलेला सिनेमा दुसऱ्याने पुरा करायचा, हे दुखणं जुनं आहे. रिचर्ड डॉनर 'सुपरमॅन'च्या दोन्ही भागांचं चित्रीकरण एकत्रच करत होता. निर्मात्यांशी बिनसलं. दुसऱ्या भागाचं बरंचसं काम झालेलं असताना त्याला बाजूला करून रिचर्ड लेस्टरला आणलं. डॉनरची आवृत्ती लोकांना बघायला मिळाली थेट २००६मध्ये. मी दोन्ही पाहिल्यात. लेस्टरची जास्त हसवते, डॉनरच्या आवृत्तीत बापलेकाचा धागा घट्ट आहे. ताईंनी मात्र १९७८चा पहिला आधी बघावा. माझ्याच नियमाला हा माझा अपवाद. क्रिस्टफर रीव्ह चष्मा काढून जरा ताठ उभा राहतो आणि क्लार्क केंटचा सुपरमॅन होतो, पुन्हा खांदे पाडतो आणि क्लार्क होतो. ना संगणक, ना काही. नुसती पाठ ताठ.

मधली_सुट्टी

बापरे, दोन तासांत इतकं! सगळ्यांचे आभार. दुसऱ्या भागाचं पटलं. मग तिसऱ्याचं काय? वहीत बऱ्याच नावांपुढे ३ आहे.

पिठलं_भाकरी

तिसरा भाग म्हणजे लग्नातला शेवटचा पंगतवाढप. ताटात जागा नाही आणि वाढपी ऐकत नाही.

'स्पायडरमॅन ३' (२००७) घ्या. सॅम रायमीला सँडमॅनची गोष्ट सांगायची होती. लेकीच्या आजारपणासाठी चोऱ्या करणारा बाप, छान विषय. निर्मात्यांनी व्हेनम हवाच म्हणून आग्रह धरला, कारण चाहत्यांना तो हवा होता. वर पीटरचा मित्र हॅरी, त्याचं सूड प्रकरण होतंच. एका सिनेमात तीन खलनायक, एकालाही धड वेळ नाही. बॅटमॅनचं तेच. टिम बर्टनचे दोन (१९८९, १९९२) काळोखे आणि तऱ्हेवाईक होते. मग जोएल शूमाकरकडे गेलं, आणि १९९७च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'बद्दल खुद्द त्यातला बॅटमॅन जॉर्ज क्लूनी मुलाखतींतून माफी मागत असतो. तो मात्र मित्र जमवून हसायला बघण्यासारखा आहे, खोटं कशाला बोलू.

शुद्ध_तूप

अपवाद नोंदवतो. 'थॉर: रॅग्नारोक' (२०१७) हा तिसराच, आणि त्या मालिकेतला सर्वात चांगला. दुसरा थॉर हा वाटाड्यांच्या सिद्धांताला पडलेलं भोक आहे. 'लोगन' (२०१७) हाही वुल्व्हरिनचा तिसरा. त्याच्या पटकथेला ऑस्कर नामांकन होतं. पण तो घरी भाचा आणि आई असताना अजिबात लावू नका, रक्तच रक्त. भाचा झोपल्यावर एकट्याने बघा, रुमाल घेऊन.

'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'चा तिसराही (२०२३) चांगला, पण त्यात प्राण्यांवर प्रयोग दाखवलेत. घरात मांजर असेल तर आईंना तो सोसणार नाही.

मधली_सुट्टी

मांजर आहे. दोन आहेत. बाद.

मुंबॅटनकर

उशिरा आलो. 'स्पायडर-व्हर्स' अजून कुणीच कसा सांगितला नाही? ॲनिमेशन आहे म्हणून लहान मुलांचं समजू नका. २०१८चा पहिला आणि २०२३चा दुसरा, दोन सलग शनिवार द्या. दुसऱ्यात पवित्र प्रभाकर नावाचा आपला स्पायडरमॅन आहे. मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र केलेलं मुंबॅटन हे त्याचं गाव. "चाय टी" म्हणणाऱ्याला तो जे सुनावतो, त्याला आमच्या थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. हे पात्र काही त्या सिनेमासाठी जन्मलेलं नाही, २००४पासून कॉमिकमध्ये आहे.

मुख्य म्हणजे तो भारतात दहा भाषांत आला होता आणि त्यात मराठीही होती! मी आईबाबांना मुद्दाम मराठी खेळाला नेलं. घरी कुठल्या भाषेचा आवाज मिळतो ते मात्र शनिवारी दुपारीच सेटिंगमध्ये बघून ठेवा, रात्री नऊला शोधाशोध नको. आणि भाच्याला आधीच सांगा की दुसरा भाग अर्ध्यावर तुटतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी दिवे लागल्यावरही बसून होतो.

चित्रांकडे लक्ष ठेवायला सांगा. पहिल्या भागात माइल्स, म्हणजे त्यातला पोरगा स्पायडरमॅन, शिकाऊ असतो तेव्हा काही प्रसंगांत त्याची हालचाल सेकंदाला १२ चित्रांची आणि शेजारच्या मुरलेल्या पीटरची २४ चित्रांची ठेवलीय. म्हणून पोरगा अडखळत धावल्यासारखा दिसतो. कळत काहीच नाही, जाणवत मात्र राहतं.

रातकिडा

+१. मार्व्हलमधला एकच घ्यायचा तर 'कॅप्टन अमेरिका: विंटर सोल्जर' (२०१४) घ्या. पुन्हा दुसराच भाग! लिफ्टमध्ये एकेक जण चढत जातो आणि दार बंद होईपर्यंत आपल्याला कळून चुकतं की आता धुमश्चक्री आहे. आईंना आधी दोन वाक्यं सांगा: हा माणूस सत्तर वर्षं बर्फात होता आणि त्याचा जिवलग मित्र मेलाय असं तो समजतो. पुरे.

'डार्क नाइट' भाच्याला दाखवा, पण आईंना लवकर झोपवून. हीथ लेजरचा जोकर बघून मी स्वतः दोन रात्री दिवा लावून झोपलो होतो, आणि तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. त्याचा तिसरा भागही (२०१२) पुढेमागे बघा. विहिरीसारख्या तुरुंगातून ब्रूस वर येतो तेव्हा मागे जोधपूरचा मेहरानगड उभा असतो.

मधली_सुट्टी

तीन शनिवार झाले, म्हणून ही बातमी.

१९७८चा सुपरमॅन आईला एवढा आवडेल असं वाटलं नव्हतं. इंग्रजीतच लावला, मी मधूनमधून सांगत होते, तर म्हणाली, "तू गप्प बस, कळतंय." मग कळलं की लहानपणी तिच्याकडे इंद्रजाल कॉमिक्स यायची. वेताळ (इंग्रजीतला फँटम), कवटीची गुहा, जबड्यावर उमटणारा अंगठीचा शिक्का, सगळं पाठ! भाचा थक्क. त्याला वेताळ माहीतच नव्हता. आता वहीत आजीच्या हस्ताक्षरात सर्वात वर "वेताळ" आहे.

शुद्ध_तूप

आईंना नमस्कार सांगा. यादीत वर लिहिलं ते योग्यच केलं. वेताळ १९३६चा, सुपरमॅन १९३८चा. घट्ट पोशाख आणि मुखवटा घालून फिरायचं हे वेताळाने आधी केलं. १९९६मध्ये त्याच्यावर हॉलिवूडने सिनेमाही काढला होता, चालला नाही. त्यामुळे दुसऱ्या भागाचा प्रश्नच आला नाही.

मधली_सुट्टी

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या शनिवारी 'स्पायडरमॅन' (२००२) आणि काल 'स्पायडरमॅन २' पाहिला, दोन्ही हिंदीत. वाटाड्या, तुम्हाला दंडवत. सुपरहिरोच्या सिनेमात पिझ्झा वेळेवर न पोचल्याने नोकरी जाते, भाडं थकतं, घरमालक दारात उभा राहतो, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? आगगाडीच्या प्रसंगात लोक त्याला हातांवर झेलून आत घेतात आणि मुखवट्याखाली कोवळा पोरगा दिसतो, तिथे भाचा उगाच पाणी प्यायला उठला.

पण आई अडकली ती मे काकूंपाशी. पीटर काकांच्या मृत्यूची खरी गोष्ट सांगतो, त्या काही बोलत नाहीत, हात काढून घेतात आणि जिना चढून जातात. आईने टीव्ही थांबवायला लावला. "काही बोलायचं नसतं तेव्हा असंच होतं," एवढंच म्हणाली. मग बँक घर घेते तिथे तर तिचा जीवच वर आला.

अडचण अशी की आज सकाळपासून विचारतेय, "पुढे काय झालं त्यांचं?" मी सांगितलं की तिसरा भाग वाईट आहे, सगळे जाणकार तसं म्हणतात. तर म्हणे, "सिनेमा वाईट असेल, मे काकू कशाला वाईट असतील?" आता काय करू? आठ शनिवार तर भरलेत.

पिठलं_भाकरी

मग मधल्या वारी लावा, करारात शनिवार आहे तो भाच्याचा, आईंचा नाही :) मे काकू तिसऱ्यातही आहेत. पीटरला लग्नाची मागणी घालायची असते, तर त्या स्वतःची अंगठी काढून त्याला देतात. त्या प्रसंगापर्यंत नक्की बघा. पुढे पीटर केस कपाळावर घेऊन रस्त्यात नाचायला लागला की तुम्ही चहा टाकायला उठा.

मधली_सुट्टी

बुधवारी लावतोय. भाच्याची हरकत नाही, फक्त आईने त्याच्याकडून लेखी घेतलंय की मध्ये प्रश्न विचारले तर वैतागायचं नाही.