‘घरी घेऊन जा, सेवा करा’ म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न (केज तालुक्यातील वाचक)
आमच्या नानांना जबड्याचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार होऊनही गाठ पुन्हा वाढली, तेव्हा ‘आता घरी घेऊन जा, सेवा करा’ एवढेच आम्हाला सांगण्यात आले. कागदावर ‘पॅलिएटिव्ह’ असा शब्द होता. त्याचा अर्थ गावात कोणालाच सांगता आला नाही. रात्री दोनच्या सुमारास नाना बाजेची दावण मुठीत आवळून बसतात आणि आई नुसती पाठीवरून हात फिरवत राहते. मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाने सवय लागते, माणूस लवकर जातो, असे भावकीतले लोक म्हणतात. ते खरे आहे का? आणि उपचार संपले असेच आम्ही समजायचे का?

उत्तर (परिचारिका, लातूर)
उपचार संपलेले नाहीत. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे परिहार सेवा, अर्थात दुखणे, धाप, मळमळ, जखम, भीती यांवरचे उपचार. खरे तर ही सेवा गंभीर आजाराच्या निदानापासूनच इतर उपचारांच्या जोडीने मिळायला हवी. आपल्याकडे ती अगदी शेवटी आठवते. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (अखेरच्या आजारातील रुग्णांची सेवा करणारी संस्था) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली, जिच्यात शरीराइतकाच मनाचा, नात्यांचा आणि पैशाच्या चिंतेचा वाटा धरला जातो. नानांना गाठ किती छळते आणि घोर कशाचा लागला आहे, हे दोन्ही विचारा.

मॉर्फिन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, वेदनेच्या प्रमाणात मात्रा वाढवत दिले तर त्याने आयुष्य घटत नाही आणि व्यसन लागण्याची शक्यताही फार कमी असते. साधी गोळी साधारणपणे दर चार तासांनी घड्याळ पाहून द्यायची असते, दुखणे असह्य होण्याची वाट पाहायची नसते. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि गुंगी येते. बद्धकोष्ठता मात्र टिकते, म्हणून रेचक सोबतच मागून घ्या. दीर्घकाळ काम करणारी गोळी कधीही कुटून देऊ नका. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कडक अटींमुळे हे औषध मिळणे वर्षानुवर्षे अवघड होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी ती वाट सोपी केली, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळणार नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात चौकशी करा. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडाझोलच्या पुडीबद्दलही तेथे विचारा.

उत्तर (परभणी)
मी सासूबाईंचे अकरा महिने केले, म्हणून तुमच्या आईंबद्दल लिहिते. कूस दर दोन तासांनी बदलायची, हे मला सांगितले गेले; पण ती बदलणारी कधी झोपणार, हे कोणीही विचारले नाही. भेटायला येणारे पाहुणे मोसंबी आणत, आणि तोंड आलेल्या माणसाला ती आगीसारखी झोंबत असे. शेवटी मी लाज सोडून जावेला म्हटले, “फळे नकोत, दुपारी दोन तास बसा.” त्या दोन तासांत मला जी झोप लागे, तिच्यावर पुढची रात्र निघे. तुमच्याकडे रात्रीच्या पाळ्या लावा आणि आईंना वेगळ्या खोलीत झोपवा. समोर असल्या तर त्या उठणारच.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. नानांना आता बोलता येत नाही, म्हणून मुलीची पाटी दिली. त्यांनी लिहिले, “विहिरीचे किती हप्ते राहिले?” आम्ही त्यांच्यापासून ते लपवत होतो, काल सगळा हिशेब सांगितला. सोमवारी जिल्हा रुग्णालयात जात आहोत. ती पूड जखम धुण्याआधी लावायची की नंतर?

परिचारिका, लातूर
धुतल्यानंतर. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, आधी त्याच पाण्याने भिजवा. पट्टी बदलण्याआधी वेदनेची गोळी किती वेळ अगोदर द्यायची, तेही सोमवारी विचारून घ्या.