मदत हवी आहे: शेतावरच्या छोट्या रेल्वेला सुरक्षेचा दाखला कोण देतं?

पाणंदवाट: नमस्कार. आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. बंद पडलेल्या एका बागेतली छोटी रेल्वे विकत घेतली, रूळही टाकून झाले. आता सुरक्षेचा दाखला अडलाय. एका कार्यालयात म्हणाले रेल्वेकडे जा, दुसऱ्यात म्हणाले हे आमच्याकडे येतच नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी सुरू करायचीय. फक्त ऑफिसचं नाव सांगा, बाकी मी बघतो.

गावठी_इंजिनीअर: गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, किती? इंजिन डिझेलचं की बॅटरीवरचं? लांबी, उतार? दाखला मागतंय कोण? हे न सांगता नाव कसं सांगणार!

कौलारू: सोपं आहे. रेल्वे सुरक्षा आयुक्त. नवी लाईन त्यांनी पाहिल्याशिवाय प्रवाशांसाठी उघडत नाही. रेल्वे मंत्रालयाला पत्र टाका.

कलमदप्तर: दोन चुका. आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. (हसू नका. गाडी चालवणाऱ्याच्याच हाताखाली तपासनीस नको, म्हणून १९४१ साली रेल्वे बोर्डापासून वेगळे काढले.) दुसरं, १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम २(३१) वाचा. प्रदर्शनाचं मैदान, जत्रा, बाग किंवा निव्वळ करमणुकीच्या जागेतले रूळ 'रेल्वे'च्या व्याख्येतच बसत नाहीत. कायद्याच्या लेखी ही गाडी आणि जत्रेतला पाळणा सारखेच.

कौलारू: मग माथेरानची गाडी काय करमणूक नाही?

कलमदप्तर: ती मध्य रेल्वेची आहे. नेरळला बसून माथेरानला उतरता. इथे जिथे बसलात तिथेच उतरणार.

रानजाई: माथेरानचं नाव निघालंच आहे तर... २०१६ च्या मे महिन्यात गाडी दोनदा घसरली आणि बंद पडली. पूर्ण मार्ग सुरू व्हायला जानेवारी २०१८ उजाडलं. आमची मे महिन्याची बुकिंगं वाया गेली ते वेगळंच.

सातासमुद्रापार: इकडे अमेरिकेत फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन २४ इंचांहून कमी गेजला हातच लावत नाही. त्याहून रुंद असेल तर सार्वजनिक रस्ता ओलांडते का, वगैरे बघतात.

गावठी_इंजिनीअर: अहो, त्यांचं शेत इकडे आहे. धागाकर्ते गेले कुठे?

पाणंदवाट: ट्रॅक्टर आणायला गेलो होतो. गेज १५ इंच, डिझेल, साधारण ६०० मीटर. उतार फारसा नाही, चाळीसला एक (चाळीस मीटरला एक मीटर). दाखला विमा कंपनी मागतेय. आणि हो, गाडी पाणंद रस्ता ओलांडते, पण तिथून ऊसतोडीच्या हंगामाशिवाय कोणी जात नाही.

गावठी_इंजिनीअर: चाळीसला एक म्हणजे 'फारसा नाही'? माथेरानच्या घाटातला सगळ्यात कडक चढ वीसला एक आहे. डब्यांना ब्रेक आहेत?

पाणंदवाट: इंजिनाला आहे. त्या बागेतही तसंच चालायचं.

गावठी_इंजिनीअर: ती बाग सपाट असणार. डबे जोडणाऱ्या कपलिंगची पिन निसटली की मागचे डबे पोरांसकट उतरणीला लागतील. माथेरानला डब्याडब्यावर हातब्रेक फिरवणारा माणूस असायचा, तो उगाच नव्हे. रिकामी गाडी चालवून वळणावर बसून बघा. रुळाच्या आतल्या कडेला चकचकीत पट्टा आणि खाली लोखंडाचा कीस दिसला, तर चाकाची कड घासतेय.

धूरकांडी: डिझेल काढून वाफेचं इंजिन बसवा! पोरं वेडी होतील.

कलमदप्तर: आणि बाष्पके (बॉयलर) संचालनालयाचे हेलपाटे तुम्ही घालणार का?

पाणंदवाट, विमा कंपनीला बहुतेक चार्टर्ड इंजिनीअरचं प्रमाणपत्र लागेल, तो सरकारी दाखला नव्हे. सार्वजनिक करमणुकीचा परवाना महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३३ खालच्या नियमांत येतो. तुमच्याकडे पोलीस आयुक्तालय नसेल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जा. पण पाणंद तुमची नाही. 'निव्वळ करमणुकीची जागा' हा मुद्दा तिथेच लंगडा पडतो. आधी ग्रामपंचायत आणि तहसीलदार.

पाणंदवाट: तहसीलमध्ये गेलो तर दिवाळी सोडा, होळी येईल. रूळ पाणंदेच्या अलीकडूनच वळवून घेतले तर? मधे विहीर येते, तिच्या कठड्याला वळसा घालून बसेल असं वाटतंय.

गावठी_इंजिनीअर: वळणाची त्रिज्या किती? आणि डब्यांच्या ब्रेकचं काय केलंत?