मदत हवी आहे : टोंकिनचे आखात आणि एफबीआयची पाळत एका टिपणात मांडावी का?

आमच्या अभ्यासमंडळासाठी अमेरिकी सरकारच्या हेतूंविषयीच्या अविश्वासावर टिपण लिहीत असताना मी एका ठिकाणी अडलो आहे. २ ऑगस्ट १९६४ रोजी व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी विनाशिकेवर उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी हल्ला केला, हे खरे, परंतु ज्या दुसऱ्या हल्ल्याच्या बातमीवरून ७ ऑगस्टला काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) अध्यक्ष जॉन्सन यांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली (सिनेटमध्ये विरोधात अवघी २ मते!), तो ४ ऑगस्टचा हल्ला झालाच नव्हता. जहाजावरील वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याच दिवशी तारेने खराब हवामान आणि अतिउत्साही सोनारचालक (ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या हालचाली टिपणारे) यांच्याकडे बोट दाखवले होते. माझ्या मते ही गफलत होती, आणि ती सोयीची ठरली म्हणून कोणी तपासली नाही.

देशांतर्गत पाळतीचे तसे नाही. १९५६ पासून एफबीआयने (अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने) चालवलेली ‘कोइंटेलप्रो’ ही देशातल्याच राजकीय संघटनांवर पाळत ठेवून त्यांना खिळखिळे करण्याची मोहीम जाणूनबुजून आखलेली होती, आणि मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मीडिया नावाच्या गावातील एफबीआयच्या कार्यालयातून कागद चोरीला गेले, तेव्हाच ती उघड होऊ लागली.

या दोन्ही गोष्टी एकाच सूत्रात ओवणे योग्य ठरेल का? तसेच गुप्तचर यंत्रणांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या १९७५ च्या चर्च समितीच्या अहवालांतील नेमका कोणता भाग आधी वाचावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.