मदत हवी आहे: गॅरेजच्या दाराची केबल बदलण्याबाबत

नमस्कार. आम्ही मिशिगनमध्ये राहतो. आमच्या गॅरेजचे दार १६ फूट रुंद असून वरच्या दांड्यावर दोन टॉर्शन स्प्रिंगा (पिळाच्या ताणाने दाराचे वजन पेलणाऱ्या) आहेत. गेल्या आठवड्यापासून दार उघडताना डावी बाजू दोन बोटे मागे राहते. टॉर्च लावून पाहिले तेव्हा डाव्या केबलच्या (दार उचलणाऱ्या तारेच्या दोराच्या) खालच्या टोकाशी, जिथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेल्या मिठाचे, गाडीबरोबर आलेले पाणी साचते, तीन-चार तारा तुटून काट्यांसारख्या बाहेर आलेल्या आणि भोवती तांबूस गंज चढलेला दिसला. दार बंद ठेवून ओपनरचा (दार उघडणाऱ्या मोटरचा) प्लग काढला आहे. गाडी बाहेरच उभी आहे. केबल जिथे दाराला जोडलेली असते त्या खालच्या ब्रॅकेटवर स्प्रिंगचा सगळा ताण असल्यामुळे त्याच्या स्क्रूला कोणीही हात लावायचा नाही, असे घरी निक्षून सांगितले आहे (मेहुणे पाना घेऊन तयारच होते).

उजवी केबल वरकरणी ठीक दिसते, तरी दोन्ही एकदम बदलाव्यात का? स्प्रिंगा १२ वर्षांच्या आहेत. कारागीर येणारच आहे, तर त्याच खेपेला त्याही बदलून घेणे योग्य ठरेल का? रस्त्यांवर मीठ टाकतात अशा भागात राहणाऱ्या कोणी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) केबलऐवजी स्टेनलेस स्टीलची केबल बसवली असल्यास ती किती हिवाळे टिकली, हे कृपया कळवावे.